डोंगराचा कॅटलॉग

आमच्याकडे हजेरीपटाला कॅटलॉग म्हणतात. का म्हणतात, ते मला २७ वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलेलं नाही. आमची शाळा द्विशिक्षकी, पट कधी १९ तर कधी २२, त्यामुळे वर्षाकाठी एखादा कॅटलॉग कोरा उरतोच. २०१९ साली उरलेल्या अशाच एका कॅटलॉगात मी मुलांच्या नावांच्या रकान्यात झाडं लिहिली. १. कुंभा (टाकीजवळचा). २. कुंभा (दुबेळक्याचा). ३. ऐन (वीज पडलेला). अशी ६४ नावं. महिन्यातून एकदा, शेवटच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी मागच्या डोंगरावर जाते आणि हजेरी घेते. शेंड्याला पालवी असेल तर ‘ह’. नुसता बुडातून फुटवा असेल तर ‘ह’च्या खाली टिंब. काहीच नसेल तर ‘गै’.

शाळा भोर तालुक्यात, नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. वाडीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझ्याशिवाय आणखी एका माणसाची अब्रू आहे.

२०१९ च्या होळीला आठेक दिवस होते. सकाळी परिपाठ झाल्यावर आवारातला पालापाचोळा लोटून आम्ही शाळेमागच्या खड्ड्यात पेटवला. दर आठवड्याला पेटवायचो, त्यात विशेष काही नव्हतं. नंतर दोन बादल्या पाणीही ओतलं. आता ओतलं म्हणजे वरून ओतलं. खालचा पाला उलथापालथा करून विझवला का, तर नाही. दुपारी अडीचच्या सुमाराला चौथीच्या वर्गात भागाकार चालू होता आणि एक पोरगी खिडकीकडे बघत म्हणाली, “बाई, डोंगर वाजतोय.”

गवत जळताना खरंच वाजतं. तव्यावर मोहरी तडतडावी तसं, फक्त शंभर माणसांच्या फोडणीएवढं.

त्याच दुपारी आमच्या खालच्या अंगाला एका वावरात राब भाजणं चालू होतं. भातखाचरात तरवा (भाताची रोपं) टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत अंथरून जाळतात, तो राब. त्यामुळे गावाने आपोआप राबावर खापर फोडलं. ज्याचं वावर होतं त्या माणसाने ‘माझी आग बांधाच्या आत होती’ एवढंच सांगितलं. शाळेच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं नाही. त्याला तो खड्डा दिसत नव्हता असं नाही, त्याची दोन्ही नातवंडं माझ्या वर्गात होती. पंचनाम्यात कारण ‘अज्ञात’ असं आलं. आग कुणाची, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून शाळेत पाला जाळलेला नाही, खड्ड्यात कुजवतो.

चढावर आग पळते आणि उतारावर रांगते. चढाला ज्वाळा वरच्या गवतावर ओणवी होते, ते गवत पेटायच्या आधीच वाळवून ठेवते. दुपारी वाराही दरीतून वर चढतो. माणसं निरगुडीचे, जांभळीचे ओले डहाळे घेऊन कडेकडेने झोडपत होती, समोर जायची कुणाची छाती नव्हती. मी मुलांना व्हरांड्यात ओळीने बसवून पाढे म्हणवून घेत होते, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. आगीच्या पुढ्यात काळे कोतवाल होते. धुराच्या कडेने सूर मारायचे, उडणारे टोळ टिपायचे आणि परत पळसाच्या फांदीवर जाऊन बसायचे. त्यांची जेवणं चालली होती. तासाभरात आग वरच्या कातळकड्याला जाऊन थांबली. आम्ही विझवली नाही, पुढे जळायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी एकटीच वर गेले. चपलेतून धग लागत होती. राख दोन रंगांची असते, हे मला तेव्हा कळलं. नुसतं गवत जळलेलं तिथे काळी, आणि पडका ओंडका रात्रभर धुमसत राहिलेला तिथे पांढरी, ओंडक्याच्याच आकाराची. काळ्या राखेत बोट घातलं, दोन पेरांखाली माती चक्क गार. पांढऱ्या राखेत काठी घातली तर माती खोलवर भाजून विटेसारखी लाल झालेली. गवताची आग दिसायला भयंकर असते, पण एका जागी मिनिटभर थांबत नाही, आणि माती उष्णता सहज आत शिरू देत नाही. खरी भाजणी ओंडक्याखाली होते. त्या लाल जागांपैकी दोन मी दगड मांडून ठेवल्या आहेत. सहा पावसाळे झाले, तिथे अजून नीट गवत धरलेलं नाही.

सगळीकडे गोगलगायींचे शंख होते. पांढरेशुभ्र, खडूसारखे, बोटाने दाबले की भुगा. उन्हाळ्यात त्या दगडाखाली, पाल्याखाली दार लावून झोपलेल्या असतात. इतक्या गोगलगायी या डोंगरावर राहतात हे त्या मेल्यावर समजलं. एक घोयरा सरडा (रंग बदलणारा, संथ चालीचा) करवंदीच्या जाळीत फांदीला धरून होता, फांदीसकट कोळसा झालेला. त्याचा पळण्याचा वेग सगळ्यांना माहीत आहे.

झाडांची बुडं बघत गेले तर एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक झाड डोंगराकडच्या, म्हणजे चढाच्या बाजूला जास्त जळलेलं होतं. आग तर खालून आलेली! नंतर उलगडा झाला. वरून घरंगळत आलेला पालापाचोळा, काटक्या झाडाच्या वरच्या अंगाला अडकून साठतात. शिवाय खालून आलेली ज्वाळा खोडाला वळसा घालून मागच्या आडोशाला जरा रेंगाळते. त्यामुळे ज्याला त्याला पाठीतच चटका बसतो.

आणि कुंभा. कुंभा कुणी हौसेने लावत नाही. त्याला डौल नाही, फुलांना वासही बरा नाही. पण डोंगर जळाल्यावर उभं कोण असं विचारलं तर आधी त्याचंच नाव घ्यावं लागतं. साल बोटभर जाड, भेगाळलेली. झाडाचा जीव सालीच्या लगेच आत असलेल्या पातळ थरात असतो. तो थर साधारण ६० अंशांपर्यंत तापला की मरतो. बाहेर आग आणि आत ६० अंश होऊ द्यायचे नाहीत, एवढंच त्या सालीचं काम. गंमत अशी, की याच सालीच्या तंतूंची बत्ती करून पूर्वी तोड्याच्या बंदुका डागत. ती भसकन पेटत नाही, धुमसत राहते. तीन आठवड्यांनी, सगळा डोंगर काळाठिक्कर असताना, कुंभा फुलला. त्याची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी खाली पडलेली असतात, पांढऱ्या-गुलाबी केसरांचे झुबके. काळ्या राखेवर ती फुलं अशी पसरली होती की पोरं उडी मारून जात होती, पाय पडू देत नव्हती.

मे महिन्यात पहिला वळीव आला आणि ओढ्याला बुक्क्यासारखं काळं पाणी आलं. तासाभरात शाळेच्या खालच्या पायरीला वीतभर गाळ. आपल्याकडच्या वणव्याची अडचण इथे आहे. आग फाल्गुन-चैत्रात लागते आणि दोन-तीन महिन्यांत मावळातला पाऊस येतो. उघड्या पाठीवर. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर नत्र धुरातून आभाळात जातं, पालाश, चुना आणि थोडं स्फुरद राखेत उरतं, आणि ती राख मुळांच्या हाती लागायच्या आत निम्मी धरणात पोचते.

जुलैत मात्र डोंगर असा हिरवा झाला की बाहेरून आलेल्या माणसाला इथे आग लागली होती हे शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं. वरच्या धनगरवाड्यातले नाना शाळेवरून जाताना थांबले.

“बाई, बघा कसं मातलंय गवत. जळल्याबिगर असं येतंय व्हय?”

“नाना, पण झाडं?”

“झाडं कुठं जात्यात? उभी हायती की.”

नानांचं अर्धं बरोबर होतं. जुनी वाळकी काडं जळून गेल्यामुळे कोंबांना ऊन मिळतं, राखेचं थोडं खत मिळतं, गवत आठ-पंधरा दिवस आधी आणि एकसारखं उगवतं. ज्याने पिढ्यान्पिढ्या हे डोळ्यांनी बघितलं, त्याला अडाणी म्हणून मोकळं होणाऱ्या पोस्टरांचा मला राग येतो. चूक बघण्यात नाही. ती जुलैलाच बघणं थांबवण्यात आहे. त्याच वर्षी दिवाळीनंतर नानांच्या म्हशी त्या उताराला तोंड लावेनात, कारण वर आलेलं बहुतेक गवत कुसळी होतं.

कुसळीवर मी चौथीचा अख्खा तास घालवला होता, तेवढा इथेही घालवते. कुसळाचं बी म्हणजे एक सुई. टोकाला अणकुचीदार, त्यामागे उलटे ताठ केस, आणि मागे बोटभर लांब, पिळलेली शेपटी. मुलांनी मोजे आणि ओढण्यांतून वेचून आणलेली कुसळं आम्ही ओल्या फडक्यावर ठेवली. शेपटी फिरायला लागली. हळूहळू, पण डोळ्यांना दिसेल अशी. एक पोरगा ओरडला, “बाई, घड्याळ!” दव पडलं की पीळ उलगडतो, ऊन लागलं की परत बसतो, आणि दर फेऱ्याला सुई मातीत थोडी आत जाते. उलट्या केसांमुळे मागे येता येत नाही. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत हे चालू असतं. म्हणजे मार्चमध्ये आग वरून जाते तेव्हा कुसळीचं बी मातीत सुरक्षित झोपलेलं असतं आणि शेजारच्यांचं वरच पडलेलं बी भाजून निघतं. दर आगीला कुसळी वाढते. वाढलेली कुसळी वाळून आगीला आणखी वैरण होते. चांगल्या चाऱ्यासाठी डोंगर जाळायचा आणि जनावरांच्या तोंडात रुतणारं गवत पिकवायचं. नानांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “ते बी खरं.” पण ‘ते बी खरं’ याचा अर्थ पटलं असा होत नाही, हे त्यांना ओळखणाऱ्याला माहीत आहे.

पहिल्या पावसाळ्यात कोण परत आलं? ज्यांनी ठेव जमिनीखाली ठेवली होती ते. कुलूची भाजी (काही जण फोडशी म्हणतात) इतकी आली की पोरं डब्यात रोज तीच आणत होती. शेवळं आली, रानहळद आली. कांदे-कंदवाल्यांना गवताची आग म्हणजे वरून गेलेली मिरवणूक. पळसाच्या मुळांतून नवे कोंब फुटले, खोडापासून चार-चार हात लांब. ऐनाने बुडातून आठ-दहा फुटवे काढले, झाडूसारखे. जांभळीनेही काढले. कॅटलॉगमध्ये त्या वर्षी टिंबं देऊन देऊन माझी रीफिल संपली.

ऐनाचं एक रोप आम्ही मुद्दाम उकरून पाहिलं. वर पेन्सिलीएवढी काडी, चार पानं. खाली मूळ माझ्या अंगठ्यापेक्षा जाड, आणि त्याच्या माथ्यावर जुन्या जळक्या काड्यांच्या खुणा, एकावर एक. म्हणजे ते ‘रोप’ काही त्या वर्षीचं नव्हतं. दर उन्हाळ्याला वरचा भाग जळायचा किंवा वाळायचा, दर पावसाळ्यात परत काडी काढायची, आणि मिळवलेलं सगळं मुळात साठवायचं. सागाचंही असंच असतं. वर्षानुवर्षं नापास होऊन पहिलीतच बसलेलं पोर, पण आतून तयारी चालू. (आता आपण लहान वर्गांत कुणाला नापास करत नाही, डोंगराला तो नियम लागू नाही.) सलग चार-पाच वर्षं आग लागली नाही, तर तीच काडी मुळातली सगळी शिल्लक काढून एकदम पुरुषभर उंच होते. त्यानंतर गवताची आग तिच्या शेंड्याला पोचत नाही. सगळा प्रश्न त्या चार-पाच वर्षांचा आहे.

अमेरिकेतल्या भाच्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “मावशी, आग जंगलाला चांगली असते.” तो यलोस्टोन बघून आला होता. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. १९८८ च्या उन्हाळ्यात यलोस्टोनचं जवळपास आठ लाख एकर क्षेत्र, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक उद्यान, आगीच्या फेऱ्यात आलं. शेवटी सप्टेंबरातल्या बर्फाने ती आग आटोक्यात आली. तिथल्या लॉजपोल पाईनच्या पुष्कळशा झाडांचे शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात. आगीची धग लागली की राळ वितळते, शंकू उघडतो आणि राखेवर बी सांडतं. झाड मरतं, पण मरताना पेरणी करून जातं. दहा वर्षांत तिथे पाईनच्या रोपांतून चालता येईना.

मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. एक, तिथे एकाच जागी पुन्हा आग किती वर्षांनी येते? शंभर ते तीनशे. दोन, आग लावतं कोण? पुष्कळदा वीज. आपल्या सह्याद्रीत वीज येते ती पावसाचा हात धरून, त्यामुळे तिने वणवा लागणं जवळजवळ नाहीच. आपली आग माणसाची. विडी, राब, बांध, शिकार, मधाचं पोळं, ‘गवत चांगलं येतं’, आणि हल्ली शनिवार-रविवारचे तंबू. माणूस तीनशे वर्षं थांबत नाही. आपल्याकडे कुठलं झाड शंकू मिटून आगीची वाट बघत बसलेलं नाही, आपली झाडं फार तर सोसतात. पुढे वाचताना असंही कळलं की २०१६ साली यलोस्टोन भागात १९८८ च्या आगीनंतर उगवलेली कोवळी पाईन-राई पुन्हा जळली आणि तिथे नवी रोपं पहिल्यापेक्षा फारच कमी आली. २८ वर्षांची झाडं. शंकूंची पुरेशी शिदोरी जमायच्या आत गाठली गेली. आगीची सवय असलेल्या जंगलालाही तिच्या दोन फेऱ्यांमधला अवकाश लागतो. भाचा म्हणाला, “हो, ते मला माहीत नव्हतं.” मला बरं वाटलं, हे कबूल करते.

आता आमच्या डोंगराची गोष्ट. २०१९ च्या दिवाळीनंतर पालकांनी आणि बचत गटाच्या बायकांनी मिळून उताराच्या मधून जाणारी गुरांची वाट चार हात रुंद खरवडली. गवत मुळासकट काढलं, पाला झाडला. अशी जाळरेषा वनखातंही काढतं, पण आमचा डोंगर म्हणजे कुणाच्या नकाशात फार मोठी जागा नाही. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा निरोप मोबाइलवर येतो. मी नाव नोंदवलं आहे. त्या उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन. आमचा अख्खा उतार, शाळा आणि नानांचा गोठा मिळून एका ठिपक्यात बसतो.

२०२० ला टाळेबंदीत माणूसच फिरकला नाही, आग नाही. २०२१ ला खालून आली, वाटेपर्यंत आली आणि थांबली. २०२३ ला पुन्हा तेच. त्यामुळे न ठरवता माझ्या कॅटलॉगचे दोन वर्ग झाले. वाटेच्या वरचा तुकडा २०१९ नंतर जळलेला नाही, खालचा २०१९ धरून तीनदा जळला. तीच माती, तोच पाऊस, तीच उन्हं.

पावसाळ्यात लांबून बघा, खालचा तुकडा जास्त हिरवा दिसतो. कुणी फोटो काढतं तेव्हा त्याचाच काढतं. कॅटलॉगमध्येही पहिली दोन वर्षं फरक दिसेना. खालच्या कुंभ्यांना ‘ह’, पळसांना ‘ह’, ऐनांना टिंबाचा ‘ह’. मग माझ्या लक्षात आलं की मी हजेरी घेतेय ती पटावरच्यांची. पटावर नवीन कोण आलं, हे लिहायला या कॅटलॉगात रकानाच नाही.

म्हणून २०२२ पासून मागच्या कोऱ्या पानांवर उंची लिहायला लागले. गुडघ्याखाली, गुडघा ते डोकं, डोक्याच्या वर. वरच्या तुकड्यात तिन्ही खाने भरले. ऐनाच्या झाडूतला एकेक फुटवा पुढे गेला, बाकीचे आपोआप मागे पडून वाळले, आणि पुढे गेलेला आता माझ्या डोक्याच्या वर आहे. त्याच्या सावलीत कुसळी विरळ झाली. तिला सावली सोसत नाही. खालच्या तुकड्यात गुडघ्याखाली पुष्कळ, डोक्याच्या वर ते जुने कुंभे आणि पळस, आणि मधला खाना कोरा. पूर्ण कोरा. आमच्या वाडीसारखंच: आजी-आजोबा आहेत, नातवंडं आहेत, मधली पिढी पुण्याला. म्हातारे कुंभे जातील तेव्हा त्यांच्या जागी उभं राहायला कुणी नाही. आणि हे जुलैच्या हिरव्या फोटोत दिसत नाही.

खाली मध्ये जागा कोरी राहते म्हणजे तशीच राहते असं नाही. २०२१ नंतर रानमोडी आली. मूळची अमेरिका खंडातली, बी वाऱ्यावर उडणारं, आणि उघडी जमीन दिसली की वस्तीला. गुरं खात नाहीत. उन्हाळ्यात तिची वाळकी झुडपं चुलीला घालावीत अशी पेटतात आणि पावसाळ्यात बुडातून परत फुटतात. घाणेरी आधीपासून होतीच. दोघींना आगीचं वावडं नाही.

काही नोंदी पटत नाहीत, पण आहेत. १७ नंबर, अंजनी. पातळ सालीची, निळ्या फुलांची, विहिरीवरची. पहिल्या दिवसापासून ‘गै’, सलग. २३ नंबर जांभूळ, खालच्या तुकड्यातली. बुडातून फुटली, २०२१ ला फुटवे जळले, परत फुटली, २०२३ ला परत जळली, आता ‘गै’. किती वेळा फुटायचं, यालाही शिल्लक लागते.

सगळ्यात जास्त शिकवलं ते ४१ नंबरच्या हिरड्याने. आगीत वाचला. पालवी, फळं, सगळं व्यवस्थित. मी तीन वर्षं डोळे झाकून ‘ह’ मांडत होते. चढाच्या बाजूला बुडाला हातभर साल जळून लाकूड उघडं पडलं होतं, एवढंच. त्या फटीतून आधी बुरशी गेली, मागोमाग वाळवी. २०२२ च्या जुलैतल्या एका वादळी रात्री तो त्या पोकळीपाशीच मोडून पडला, आणि २०२३ च्या आगीत त्याचा ओंडका तीन दिवस धुमसत होता. खाली लाल विटेसारखी माती. आता हा हिरडा कुठल्या वर्षी मेला म्हणून लिहायचं? मी २०१९ च्या पानावर जाऊन लाल शाईने खूण केली. कॅटलॉगमध्ये मागच्या तारखेची खाडाखोड करायची नसते. केली.

वरच्या तुकड्यात मला आवडणारी जागा म्हणजे करवंदीच्या जाळ्या. पहिल्या पावसाळ्यात त्या नुसत्या काट्यांचे झुबके होत्या. आता तोंडाएवढ्या उंच आहेत, आणि प्रत्येकीच्या पोटात कुणी ना कुणी वाढतंय. बुलबुल येतात, करवंदं खातात, आधी कुठे जांभळं खाऊन आलेले असतात ते बी तिथे टाकतात. काट्यांमुळे शेळीचं तोंड आत जात नाही. खाली ओलावा टिकतो. गेल्या महिन्यात एका जाळीत वाकून बघितलं तर तीन जांभळी, एक हिरडा, आणि एक लहानसं गुळगुळीत पानांचं रोप, जोडीजोडीने पानं. अंजनीच आहे अशी माझी नव्वद टक्के खात्री आहे. फूल येईपर्यंत उरलेले दहा टक्के राखून ठेवते.

एक धास्ती आहे. वरच्या नाळेत कारवी आहे. ती वर्षानुवर्षं नुसती वाढते, एकदाच सगळी मिळून फुलते, बी धरते आणि मरते. मग मेलेल्या काठ्यांचं रान वाळून उभं राहतं, आणि पुढच्या पावसात खाली सगळी रोपं. त्या एका उन्हाळ्यात तिथे आग शिरली तर आईही नाही आणि पोरंही नाहीत. ती फुलली की त्या वर्षी जाळरेषा चार हातांची आठ हात करावी लागेल, असं मी बचत गटाच्या बैठकीत सांगून ठेवलं आहे. इतिवृत्तात घ्या म्हटलं, घेतलं.

हे सगळं आज लिहायचं कारण, माझी बदली झाली. ऑनलाइन यादी लागली, तालुका बदलला. परवा नव्या सरांना चार्ज दिला. जनरल रजिस्टर, कीर्द, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा, दोन पातेली, एक वजनकाटा (नादुरुस्त), ग्लोब एक. सर चांगले आहेत, तरुण आहेत, झाडांतलं त्यांना काही कळत नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलं. शेवटच्या शनिवारी त्यांना वर घेऊन गेले. कुंभा दाखवला, ऐन दाखवला, करवंदीत वाकायला लावलं, शर्ट फाटला त्यांचा. खाली येताना पहिल्या वर्गातला एक पोरगा त्यांना सांगत होता, “सर, ४१ नंबर आता नाय, तो मेला, पण त्याचं नाव खोडायचं नाय.”

चार्जच्या यादीत ग्लोबच्या खाली एक ओळ वाढवली: कॅटलॉग (डोंगर), नग १. सरांनी सही केली.